सहा कुंड्यांचा ताण

प्रिय लेकी, माझी ठमाकाकू,

तू वरच्या खोलीत उद्याच्या भाषणाची तालीम करते आहेस आणि मी खाली जेवणाच्या टेबलावर हे लिहितोय. समोरासमोर बोलावं म्हणून तीनदा जिना चढलो. तिसऱ्यांदा तू विचारलंस, बाबा, गुडघ्यांचा व्यायाम चाललाय का. मी हो म्हणालो आणि खाली आलो.

मंगळवारी तू बाहेरगावाहून परत आलीस ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता गच्चीवर गेलीस. टबांत पाणी, पाण्यात तुझ्या नव्या वाणाच्या टोमॅटोच्या सहा कुंड्या, आणि पानं वर उचललेली. तू मला मिठीच मारलीस. वर्षभरात तुला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मग मला शिकवायला बसलीस. मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात, वर निरोप धाडतात, पानात त्या निरोपाचा वायू होतो, फळं पिकवतो तोच इथिलीन, आणि देठाची वरची बाजू जास्त वाढून पान खाली वाकतं. मी चाळीस वर्षं रोपवाटिकेत काढली, पण पान खाली झुकलं की रोप तहानलं, एवढंच माझं शास्त्र. तुझा वाण मात्र पाण्यात उभा राहूनही पानं उचलतो, असं तू म्हणालीस. मी नुसती मान डोलावली.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. या वेळी काही हाती लागलं नाही तर काम बंद, असं तुझे सर म्हणालेत. आणि उद्या तू सगळ्यांसमोर हेच सांगणार.

त्याआधीच्या शुक्रवारी जाताना तू टबांवर चिठ्ठी चिकटवलीस, 'मंगळवारपर्यंत ताण'. तुमच्या प्रयोगशाळेत झाडाला होणारा कुठलाही त्रास म्हणजे ताण, हे मला काय ठाऊक? आम्हा माळ्यांच्या भाषेत ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. तू कोपऱ्यावर वळलीस न वळलीस तोच मी सहाही टब रिकामे केले. रोपांनी माना टाकल्या होत्या, तरी मन घट्ट केलं. तिसऱ्या दिवशी पानं उचलली तेव्हा स्वतःच्या हातगुणावर खूशही झालो.

मंगळवारी सकाळी सहज तुझी वही चाळली. पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'बुडीत कुंड्या'. म्हणजे तुझा ताण पाण्यात बुडवण्याचाच होता. तू यायच्या तासभर आधी मी टब पुन्हा काठोकाठ भरले. शुक्रवारी झाली ती चूक होती, पोरी, मंगळवारी केली ती लबाडी. तुला कळू नये म्हणून भरले, आणि तू हसलीस तेव्हा तर तोंडच उघडेना. ती पानं तुझ्या वाणाने उचलली नाहीत, मी पाणी काढलं म्हणून उचलली. उद्या सगळ्यांसमोर सांगशील ते खरं सांग, दोष माझ्या नावावर टाक. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतोय. रागवायला खाली ये, मी टेबलाशीच बसलोय.

तुझाच, राखणीत नापास झालेला,
बाबा