नवरदेवाची शेरवानी

प्रिय भालूदादा,

एकाच गावात राहून पत्र लिहिते आहे म्हणून हसू नकोस. फोन लावते आणि तू उचलायच्या आत ठेवून देते.

सहा सप्टेंबरला मी फूलबागेत होते. सोनलच्या लग्नाच्या पत्रिका छापायला टाकून मुरारला घरी परतत होते, तर तिथे गर्दी. मुलगे शेरवानीत, मुली भरजरी शालूत. मला वाटलं, सामूहिक विवाह असेल. एका मुलीला विचारलं, तर म्हणाली, "आंटी, आज के दिन कोर्ट ने हमें मुजरिम कहना बंद किया था. शादी का हक अभी बाकी है, इसलिए शादी के कपड़ों में आए हैं." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मुलग्यांनी मुलग्यांचे आणि मुलींनी मुलींचे हात धरले होते. आणि मग तू दिसलास.

अंगात तीच मोतिया शेरवानी, तुझं लग्न ठरल्यावर आईने बाड्यावरच्या बाजारात शिवून घेतलेली. ते लग्न तू मोडलंस आणि आम्ही समजत राहिलो, मुलगी पसंत नव्हती. आता पोटावर बटणं लागत नव्हती, तरी तू ताठ उभा होतास. इतका देखणा तू मला कधी दिसला नव्हतास. मी हाकही न मारता रिक्षात बसले. राग आला होता की रडू, अजून ठरत नाही. इतकी वर्षं तू एकटा जेवलास, दादा. मला तरी सांगायचंस! पण सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, तेही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझा फोटो पेपरात आला. संध्याकाळी सोनलच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन: मुलीला मंडपात आणायला दुसरे कोणी मामा बघा. आमचे हे "देखते हैं" म्हणाले. सोनलने यांच्या हातून फोन ओढून घेतला. "मामा नहीं आएँगे तो मैं भी नहीं आऊँगी," म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

ते लोक रविवारी उत्तर ऐकायला येताहेत. लग्न मोडेल अशी भीती वाटते, आणि तुझ्याशिवाय ते व्हावं असंही वाटत नाही. त्यांच्यासमोर काय बोलावं, मला अजून सुचलेलं नाही. पण बोलेन तेव्हा तू माझ्या शेजारी बसलेला हवास, म्हणून हे लिहिलं. सकाळीच ये.

तुझीच, पार गोंधळलेली,
शरयू