तुमच्या निवडुंगाला बागा दाखवल्या त्याची हकीकत

आदरणीय व्याहीसाहेब यांस,

सविनय नमस्कार. तुमची पाठ आता सरळ झाली असेल आणि विहीणबाईंचा गुडघा तुमच्या थोरल्या लेकीकडच्या जिन्याला सरावला असेल, अशी आशा करतो. आम्ही उभयता ठीक. (माझा रक्तदाब माझ्या वयाला शोभेल इतकाच आहे, असं डॉक्टर म्हणतात.) आता तुमच्या निवडुंगाविषयी. तो जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही बसून वाचाल.

कामाच्या प्रशिक्षणाला तीन आठवडे जायचं म्हणून तुम्ही तिच्यावर सोपवून गेलेला तो निवडुंग आमच्या लेकीनं आमच्याकडे आणून ठेवला, तुमच्या हातच्या चिठ्ठीसकट: महिन्याला अर्धा पेला पाणी. व्याहीसाहेब, मी पान्यांची एक पिशवी खांद्याला लावून धंदा सुरू केला, त्याला पस्तीस वर्षं झाली. आम्हा नळवाल्यांकडे कोरडं म्हणजे तक्रार. मला वाटलं, मास्तर माणूस, झाडालाही शिक्षाच केलेली दिसते. मी एक बारीक नळी ओढली, टोकाला चिमटा लावला आणि मिनिटाला एक थेंब असा हिशेब बसवला. काम इतकं सुबक झालं की शेजारी बघायला आले. आठव्या दिवशी निवडुंगाला बोट लावलं तर ते उशीत जावं तसं आत गेलं. बायको म्हणाली, "अकरा वर्षं त्यांनी पोरासारखा सांभाळला, तुम्ही आठ दिवसांत बुडवलात. तुम्हाला कोण काय बोलणार? तोंड खाली घालावं लागेल ते आपल्या लेकीला." तिचं खरं होतं. तुमच्या घरात तिला वर्षही झालेलं नाही. एकदा 'हिच्यावर काही सोपवण्यात अर्थ नाही' असं सासरच्या मनात बसलं, की ते गंजलेल्या नटासारखं, कितीही तेल सोडा, सुटत नाही. तेव्हा मी बादलीत वाळू भरली, वाळूत निवडुंग बसवला आणि वैद्य शोधायला निघालो.

आधी तळ्याकाठची मोठी बाग. आजवर मी तिच्या फाटकावरून हजारदा गेलो असेन, आत कधी गेलो नव्हतो. गुलाबाचे असे वाफे की माझं निम्मं दुःख तिथंच उतरलं. हेडमाळी कुठं भेटेल याचा शोध घेत होतो, तर पायाखालून बारीक सूंऽऽ असा आवाज आला. (आमचा कान म्हातारा झाला तरी गळती ओळखतो.) मी बादली बाजूला ठेवली, हिरवळीवर आडवा झालो आणि कान जमिनीला लावला. डोळे उघडले तर समोर पहारेकऱ्याचे बूट. "काका, इथं झोपायला मनाई आहे. आणि हे झाड कुठनं उपटलंत?" मी म्हणालो, घरून आणलंय. तो म्हणाला, "बागेत लोक झाडं बघायला येतात, दाखवायला नाही." मला धरून हेडमाळ्यापुढे उभं केलं. मी गळतीची जागा सांगितली, त्यांनी हातभर खणलं, पाणी वर आलं. त्या गृहस्थाला आपल्या प्रत्येक गुलाबाचा स्वभाव ठाऊक आहे, कोण मानी, कोण खादाड. निवडुंग पाहून मात्र ते म्हणाले, "हा आमचा विषय नाही. कॉलेजच्या संग्रहात विचारा."

तिथला संग्रह म्हणजे नुसती लोखंडी कपाटं. त्यांत दाबून वाळवलेली झाडं, जाड कागदावर टाके घालून बसवलेली, खाली तारीख आणि आणणाऱ्याचं नाव. तिथल्या बाईंनी मला नव्वद वर्षांपूर्वीचं एक पान दाखवलं, शिरा जशाच्या तशा. कुणीतरी कुठल्याशा उतारावर वाकून ते खुडलं असेल, आज त्याच्या घरच्यांनाही तो आठवत नसेल, पण पान हजर आहे. मी टोपी काढून उभा राहिलो. बाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. "आमच्याकडे मेलेलीच येतात. तुमच्याला अजून अवकाश आहे," असं म्हणून त्यांनी गावाबाहेरच्या काचघराचा पत्ता दिला.

काचघराचा रखवालदार हा तुमच्या पंगतीचा माणूस. दोन्ही हातांना ओरखडे, बोलणं मोजकं. आत निवडुंगांच्या रांगा, कुणी पाटा, कुणी घागर, कुणी थेट आमच्या मोठ्या मेहुण्यासारखा, अंगभर पांढरी लव आणि कपाळाला आठी. त्यानं विचारलं, "पाणी कुणी घातलं?" मी हात वर केला. (शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच.) त्यानं सुरी पुसली आणि तुमच्या निवडुंगाचा चकत्या-चकत्यांनी खालचा भाग उतरवायला सुरुवात केली. प्रत्येक चकती तपकिरी. मी लेकीचा चेहरा आठवत उभा. सातवी चकती हिरवीगार निघाली, तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि मला बसायला स्टूल दिलं. आता वरचा अर्धा भाग तिथंच कोरड्या खडीवर ठेवलाय. मुळं फुटायला दोन-तीन महिने लागतील. तोवर पाणी नाही आणि, त्याच्याच शब्दांत, मीही नाही.

असो. सगळी चूक माझी, एकट्याची. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
लेकीचा बाप

ता. क. लेक रविवारी परतते. तिला यातलं काहीच माहीत नाही. कळलं की ती 'मीच नको तिथं ठेवला' म्हणून रडत तुम्हाला फोन करणार, मी तिला ओळखतो. त्याआधी तिच्या हाती तुमच्या दोन ओळी पडाव्यात, रागाविना लिहिलेल्या, एवढ्यासाठी हे सारं पुराण लावलं.

ता. क. दुसरा. कुंडीतून काढून मी बादलीत खोचलेली तुमची पाटी वाचून रखवालदार म्हणाला की हा पाटीवरचा दुर्मीळ डोंगरी निवडुंग नव्हेच; हा साधा, असे चाळीस त्यांनी मागच्या भिंतीला कुंपण म्हणून लावलेत. मी त्याला चहा पाजला, पाटी खिशात घातली आणि विषय तिथंच मिटवला. ती गोष्ट माझ्यापाशीच राहील. लेकीचं पत्र तेवढं शनिवारपर्यंत इथं पोचेल असं टाका.