बस्त्याचं निमित्त

आई, तुझी लेक ऐकत नाही. धाकटीच. तिच्या अक्षता पडेपर्यंत तू स्तनातली गाठ पदराखाली लपवलीस. घागर उचलताना तू श्वास धरायचीस, तो मला शेजारच्या मागांच्या खडखडाटातही ऐकू यायचा. विचारलं की म्हणायचीस, "उसण भरलीया." मांडव उतरल्यावर दाखवलंस. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

आता माझे स्वतःचे माग आहेत, सोलापुरात चार माणसं ओळखतात. त्यातलेच एक डॉक्टर म्हणाले, आईला झालं होतं तर लेकीनं तपासून घ्यावं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात स्तनाचा एक्स-रे काढतात, हाताला न लागणारी गाठही त्यात दिसू शकते. धाकटी म्हणते, "गाठच न्हाय तर फोटू कशाचा काढायचा, अण्णा? आन् पोरीचं ठरलंय. अकलूजच्या पाव्हण्यांना कळलं तर म्हणतील, ह्यांच्यात त्यो रोग हाय."

समजावून थकलो, तेव्हा बस्त्याचं निमित्त काढलं. लग्नाचे कपडे मुंबईला घ्यायचे म्हटल्यावर ती कशीबशी तयार झाली. कापडाच्या गावात जन्म गेला माझा, आणि एवढं सुचलं नाही की बस्ता कधी एकट्या घरानं बांधत नाहीत. दाजींनी रीतीप्रमाणे अकलूजला निरोप धाडला. कुर्डुवाडीला गाडी थांबते आणि विहीणबाई जावांना घेऊन डब्यात चढतात, हातात भाकऱ्यांचं गाठोडं. "सोलापूर सोडून ममईला बस्ता? पाव्हणं लई मोठं झालं की." सगळ्या हसल्या. मीही हसलो, करतो काय?

मुंबईत शालू उलगडले, काठ पाहिले, भाव पाडले. दवाखाना तिथून जवळच. धाकटीला बाजूला घेऊन म्हटलं, चल, थोडक्यात होईल. "ह्यांच्या देखत? अक्षता पडू द्या, मग बघू." अगदी तुझ्याच आवाजात. शालू घेऊन परत आलो, फोटो न काढता. वाटेत विहीणबाईंनी शेंगाचटणी पुढं केली, ती मी धाकटीपुढं सरकवली.

उद्या अकलूजला जातोय. विहीणबाईंना स्वतः सांगणार आहे की रोग नाही, नुसती तपासणी आहे, तुम्हीही चला सोबत. लग्न मोडलं तर धाकटी जन्मात माझं तोंड बघणार नाही. भाचीही नाही.

तुला विचारतोय असं समजू नकोस. तू असतीस तर दारात पहिली तूच आडवी आली असतीस. हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला.