दुसऱ्या हाताचे टाके

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गावाहून मनीषाचा फोन. आमच्या गावची सरपंच, गाव सिन्नरहून आत. वेशीजवळ संगमरवरी पाटी बसवताहेत, गावातून फौजेत गेलेल्यांची नावं. पहिलं नाव दादांचं, माझ्या थोरल्या दिरांचं. गेले ते परत आलेच नाहीत. २६ जानेवारीला उद्घाटन, दोघांनी यायचंच म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

ह्यांनी कप खाली ठेवला. "माझं नाव नाही का त्यात?"

मी म्हटलं, कसं असेल. आणि मेथी निवडायला आत गेले. मेथी कालच निवडून झाली होती.

चौदा वर्षं हे आखातात एका सुलतानाच्या फौजेत होते. आणि चौदा वर्षं मी अख्ख्या गावाला सांगत होते की कंपनीत ड्रायव्हर आहेत.

५ नोव्हेंबर

हे गॅलरीत बसून नाशिकरोडच्या गाड्यांचे भोंगे ऐकतात. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

पण माझंही ऐका ना कुणीतरी. दादा गेले तेव्हा सासूबाईंनी ह्यांना खंडोबाच्या भंडाऱ्यावर शपथ घातली, अंगावर वर्दी घालायची नाही. हे गेले ते कंपनीतच. ती बुडाली, आणि तिथल्या फौजेत पाण्याचा टँकर चालवायला माणसं हवी होती. टँकर असला तरी वर्दी, नंबर, सकाळची परेड सगळं होतं. मला पत्रात कळवलं, खाली एक ओळ: आईला नको.

नको तर नको. मी कंपनीचं नाव मनाने रचलं, साहेबाचंही. टँकर सुरुंगावर गेला आणि ह्यांचा उजवा पाय कायमचा आखडला, तेव्हा मी सांगितलं, शेडवरून पडले. शेड किती फूट उंच तेही सांगितलं. खोटं बोलायचं तर मी कंजुषी करत नाही.

सासूबाई जाऊनही किती वर्षं झाली. तेव्हा तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं. सवय, दुसरं काय. त्या गेल्या तेव्हाची एक रुखरुख अजून आहे. दादांच्या कोटाचं पितळी बटण त्या कायम चंचीत ठेवायच्या. त्यांच्यासोबत ठेवावं म्हणून चंची उघडली तर सुपारी निघाली, अडकित्ता निघाला, बटण नाही. घर पालथं घातलं होतं मी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यूनुसभाई आले जुन्या नाशकातून, कागदांची पिशवी छातीशी धरून. हे आणि यू.भा. एकाच टँकरवर. सुरुंग फुटला तेव्हा ह्यांना ओढून बाहेर काढलं ते त्यांनीच. दोघं मिळून माजी सैनिकांच्या सरकारी हापिसात गेले, मीही गेले. दोघांनी बूट पॉलिश केलेले.

समोरचा साहेब तरुण, बोलायला गोड. कागद उलटसुलट केला. "आजोबा, साल १४०६? हे कुठलं साल?" तिकडचं हिजरी साल. यू.भां.नी बोटांवर मोजून आपलं साल काढून दिलं. मग नाव. तिकडे आडनाव लिहीत नाहीत. स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, संपलं. म्हणजे कागदावरचा माणूस आणि आधारवरचा माणूस एकच, हे कोण सांगणार?

शेवटी म्हणाला, हे सगळं सिद्ध झालं तरी उपयोग नाही, आपल्या देशाच्या फौजेसाठीच नियम आहे. तुम्ही नियमात बसत नाही. चहा मात्र पाजला. गावच्या पाटीचं म्हणाल तर तो ग्रामसभेचा विषय, असंही म्हणाला.

बाहेर आल्यावर यू.भा. ह्यांना म्हणाले, "तुझ्या गावात पाटी तरी आहे. चल, तुझं तरी करू." स्वतःची पिशवी परत छातीशी धरली. मी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. एवढंच सुचलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बसने गावी. ग्रामपंचायतीत बसलो. ग्रामसेवक म्हणाले, सभेपुढे ठेवतो, पण गावाला पटेल असं काहीतरी आणा. वर्दीतला फोटो, वर्दी, काहीही. हे अरबी कागद कोण वाचणार?

गावच्या घराशेजारची पार्वती तिथेच होती. तिने माझ्याकडे बघितलं. "पण काकू, तुमीच तर सांगायच्या ना, कंपनीत हायेत म्हणून? शेडवरून पडल्याचं तुमीच सांगितलं. मी हळद घेऊन आलती."

खरंच आली होती हळद घेऊन.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी विचारलं, फोटो? म्हटलं, चुलीत घातला, तुमच्या आई बघतील म्हणून. थोड्या वेळाने, "आणि माझी वर्दी गं?"

मी म्हटलं, आठवत नाही. परत खोटं. या वयात.

२ डिसेंबर

सांगून टाकलं आज. जेवताना, ह्यांच्या पानात भाकरी असताना, म्हणजे उठून जाता येणार नाही.

हे कायमचे परत आले त्या आठवड्यात मी बॅगेतून वर्दी काढली. जाळायला हात होईना. लोकांचे कपडे शिवून घर चालवलेली बाई मी, चांगलं कापड जाळवत नाही. गोधडी शिवायला घेतलीच होती. वर माझी जुनी लुगडी, खाली सासूबाईंची, मधल्या थरात ह्यांचा खाकी शर्ट, अख्खा, न फाडता. चारी बाजूंनी टाके घालून बंद केला.

हे म्हणाले, कुठली गोधडी?

सासूबाईंची. नऊ वर्षं, जाईपर्यंत, त्या तीच पांघरून निजल्या.

हे एकदम हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसले. "म्हणजे मी आईच्या अंगावरच होतो की." मला रडू आलं. भाकरी गार झाली.

७ डिसेंबर, रविवार

गोधडी खाली काढली. चष्मा, ब्लेड, उन्हाची खिडकी. यू.भा. जेवायला आले होते, तेही बसले बघत.

तीन बाजूंचे टाके माझे. तांदळाएवढे, सरळ, पांढरा दोरा. आंधळी झाले तरी बोटाने ओळखीन. चौथ्या बाजूला हात गेला आणि थांबले. वीतभर जागेत टाके मोठे, वाकडे, एक इकडे एक तिकडे. दोरा काळा.

हे टाके माझे नव्हेत.

त्या घरात सुई धरणाऱ्या बायका दोनच. मी, आणि मोतीबिंदू झालेल्या सासूबाई. त्यांना सुईत दोरा ओवून कितीदा मीच दिला असेल, उशीचा अभ्रा शिवते म्हणायच्या.

ब्लेड ठेवून दिलं. ते टाके नखाने एकेक सोडवले. शर्ट बाहेर आला. धुऊन धुऊन विटलेला, पण खांद्यावरच्या पट्ट्या आहेत, छातीवर नंबराची पट्टी आहे. वरून दुसरं बटण नाही. खिशात काहीतरी टणक. खिसाही त्याच काळ्या दोऱ्याने शिवलेला.

दादांचं बटण निघालं.

पितळ हिरवं पडलंय. ह्यांनी ते तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. यू.भा. एवढंच म्हणाले, "माँ को पता था."

अहो आई, मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी तुमच्यापासून लपवतेय आणि तुम्ही माझ्यापासून. एकाच चुलीपुढे बसून. शपथ मोडली म्हणून ह्यांना रागावला नाहीत, उलट थोरल्याचं बटण धाकट्याच्या खिशात ठेवलंत. मला सांगितलं असतं तर मी सरळ टाके घालून दिले असते हो.

१९ जानेवारी

ग्रामसभा २६ तारखेलाच, झेंडावंदन झाल्यावर. हे म्हणतात, राहू दे आता, मला मिळालं ते पुष्कळ झालं. मी म्हटलं, तुम्हाला झालं असेल. गावाला खोटं मी सांगितलंय, ते मलाच निस्तरायला हवं.

शर्टाला इस्त्री केली. ओलं फडकं वरून घालून, हलक्या हाताने.

२६ जानेवारी, सोमवार

लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

पाटीवरचा पडदा निघाला. दादांचं नाव वर, खाली सहा. सगळ्यात खाली एक ओळ कोरी. मनीषा म्हणाली, दगडवाल्याला मीच सांगितलं होतं जागा सोड म्हणून. पोरगी धोरणी आहे.

सभेत मी उभी राहिले. सांगितलं, की मी चौदा वर्षं आणि पुढेही तुम्हाला खोटं सांगितलं. हे फौजेत होते. पाय सुरुंगाने आखडलाय. पार्वती, तुझी हळद मी फुकट घेतली.

यू.भां.नी उभं राहून साक्ष दिली. शर्ट दाखवला. बटण बायकांच्या बाजूला हातोहात फिरलं. म्हाताऱ्या बायकांनी ते कपाळाला लावलं.

मग तुकातात्या उठले. दादांच्या बरोबरीचे. रागाने नाही, खरंच विचारलं. "पण फौज कुणाची व्हती? आपली नाय. पगार सुलतानाचा. मंग आपल्या पोरांच्या खाली नाव कसं लिवायचं?" मागून कुणीतरी म्हणालं, टँकर तर आपल्याकडं बी येतो उन्हाळ्यात. हसले सगळे. हेही हसले.

मग हे काठी टेकून उठले. "तात्या, मी गोळी एक नाय झाडली. चौकीवर पाणी नेलं. तहान कुणाची ते इचारलं नाय. तुमाला नाय पटलं तर नका लिवू, माझा राग नाय."

गावात आले की हे असेच बोलतात. तात्या खाली बसले. हात वर करा म्हटलं, तर बायकांचे बहुतेक वर, पुरुषांचे अर्धे. तात्यांचा वर नाही, पण खालीही नाही, पागोट्यावर ठेवलेला. ग्रामसेवक म्हणाले, नियम तपासावा लागेल, तालुक्याला विचारून कळवतो.

बसस्टॉपवर पार्वतीने माझ्या पिशवीत हळकुंडं टाकली. म्हणाली, ही खऱ्याची.

३१ जानेवारी, शनिवार

तालुक्याहून काही नाही.

दुपारी हे शर्ट घेऊन माझ्यापुढे बसले. दुसऱ्या बटणाच्या जागी बोट ठेवलं. दादांचं बटण पुढे केलं. मी म्हटलं, फौज एक नाही, माप एक नाही, काजात बसणार नाही. म्हणाले, "लावायचं नाही गं मला. नुसतं राहू दे तिथं." काळा दोरा घेतला, दुहेरी. मुद्दाम मोठे टाके घातले.

विचारलं, शर्ट परत आत घालून गोधडी शिवून टाकू का? थंडी आहे अजून.

म्हणाले, घाल. पण एक बाजू उसवलेलीच ठेव. तालुक्याने बोलावलं तर काढावा लागेल.

तीन बाजू शिवल्या. आता तीच पांघरून झोपलेत दुपारचे.