निळ्या चिंध्यांची वाट

७ सप्टेंबर, रविवार

आज आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढले. पाय ठणकताहेत आणि मन हलकं आहे. वॉल्टर गेल्यापासून असं वाटलं नव्हतं, म्हणून ही वही काढली. माझी शाळा सातवीत सुटली, पण चर्चच्या वाचनालयातलं एकही कपाट मी वाचायचं ठेवलेलं नाही. चार ओळी लिहायला जमेल.

वॉल्टर वालीवला एका कारखान्यात होता. त्याच्या मशीनसमोर खिडकी होती आणि त्या खिडकीत मोरधारेचा डोंगर. रिटायर झालो की तुला वर नेतो, म्हणायचा. वरून आपल्या चर्चचा मनोरा, अर्नाळ्याचा समुद्र आणि माझ्या कारखान्याचा पत्रा एका नजरेत दिसत असणार. शेवटच्या दगडावर तुला हात देऊन ओढून घेईन, म्हणायचा. फेब्रुवारीत, रिटायर व्हायच्या आधीच, जेवता जेवता त्याने छातीवर हात ठेवला आणि संपलं. मग मीच जायचं ठरवलं. दोघांच्या वतीने.

पायवाट मंडळ सातिवली नाक्यावर चहाच्या टपरीशी जमतं. भूपेश बँकेत आहे, सगळं तोच ठरवतो. दिपिकाचं कॉलेज नुकतंच संपलंय. ती मला आंटी म्हणते आणि दगडांचेही फोटो काढते. श्रीपत खाडीकडचा, भातशेतीवाला, वयाने माझ्याहून मोठा. तो नेहमी सगळ्यांच्या मागे चालतो, कोणी राहिलं नाही ना बघायला. पहिल्याच चढावर मी थांबले तर म्हणाला, कार्मिनबाय, बसा खुशाल, डोंगर काय पलून नाय जात, पानी प्या.

ओढ्यापर्यंत वाट शेवाळाने निसरडी. वर गवत खांद्याला लागतं. वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. त्याच्या पुढे अजून वाट मोकळी नाही, म्हणून टाक्याशीच बसलो. तिथून नुसती गोदामांची छपरं दिसतात. मी खायला घरचे फुगे, आमचे तळलेले गोल पाव, नेले होते, मिनिटात संपले. दिपिका म्हणाली, आंटी, पुढच्या वेळी फुग्यांना वेगळी सॅक.

२१ सप्टेंबर, रविवार

मंडळाची एक रीत आज कळली. पावसानंतर गवतात वाट हरवते. झाडांना रंग फासायचा नाही, प्लॅस्टिक गुरं खातात. म्हणून सगळे जुने सुती कपडे फाडून आणतात आणि वाटेच्या उजव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर चिंध्या बांधतात. पुढच्या पावसात त्या आपोआप कुजतात. प्रत्येकाच्या कापडाचा रंग वेगळा, आणि ज्याचं कापड असेल त्याने तेवढा टप्पा वर्षभर सांभाळायचा. श्रीपतच्या धोतराच्या चिंध्या ओढ्यापर्यंत असतात. भूपेश त्याला म्हणतो, काका, तुमच्या धोतरावर अर्धी वसई चढते.

टाक्यापर्यंतचा वरचा टप्पा मला दिला.

सँड्रा, माझी मुलगी, पुण्याहून रोज विचारते, मम्मी, पप्पांचं कपाट रिकामं केलंस का. त्याचे कपडे भिकाऱ्याला द्यावेत तसे कोणाला देऊन टाकायला मन होत नव्हतं. हे चालेल. डोंगरावर जातील. त्याला जायचंच होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

कारखान्याचे निळे शर्ट फाडले. प्रत्येक शर्टाची बटणं आधी कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवली. फाडताना कापड ओरडतं तसा आवाज येतो. कॉलरला अजून त्याच्या मानेचा वास होता. कॉलरी नाही फाडल्या.

फक्त पांढरा शर्ट यात नाही. तो त्याच्याबरोबर पेटीत गेला. दफनाच्या सकाळी दुसरं बटण तुटलेलं दिसलं, घर माणसांनी भरलेलं, पांढरा दोरा सापडेना, शेवटी लाल दोऱ्याने शिवलं. टायखाली झाकलं गेलं. माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

चिंध्या बांधल्या. मी साधी गाठ मारते, दोनदा. वॉल्टरची गाठ वेगळी होती. तो डावखुरा. वाडीत तोंडलीचे वेल मांडवाला बांधायचा, तेव्हा एक टोक ओढलं की सुटेल अशी गाठ मारायचा. वेलाला काचता कामा नये, म्हणायचा.

वळून पाहिलं तर हिरव्या गवतात निळं, निळं, निळं. रडले. दिपिकाने माझी सॅक उचलली.

५ ऑक्टोबर, रविवार

भूपेशने हळूच विचारलं, कार्मिन आंटी, टाक्याच्या पुढे डावीकडे कशाला बांधलंत, तिकडे तुटलेला कडा आहे. मी तिकडे गेलेच नाही. जाऊन पाहिलं. करवंदीच्या जाळीवर निळी चिंधी होती. कापड त्याचंच, धुऊन विरलेलं. टोक ओढलं.

एका हिसक्यात सुटली.

हे मी भूपेशला सांगितलं नाही. चुकून बांधली असेन, म्हटलं. तो म्हणाला, होतं असं, आंटी. त्याच्या आवाजात दया होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

श्रीपतबरोबर पुन्हा गेले. जिथली सोडली तिथे नवी. पुढे आणखी. आम्ही काही सोडल्या. एका चिंधीच्या कडेला काज होतं आणि काजात बटण. बटणं तर सगळी माझ्याकडे आहेत.

श्रीपतने ती चिंधी उलटून पालटून बघितली. मग म्हणाला, कार्मिनबाय, मी आयुष्यभर मागं चालनारा मानूस. मागं कोन राहिलं ते मला कलतं. हे पुढचं आहे. हे मला कलत नाय. यकटं येऊ नका.

घरी आल्यावर डबा उघडला. रिकामा.

मला भीती वाटायला हवी होती. मी त्या रिकाम्या डब्याशी बसून हसले. देवा, मला माफ कर. वाटलं, वाट दाखवतोय. म्हणाला होता ना, नेतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिपिका पडली.

नव्या मुलींना घेऊन पुढे गेली होती. निळ्या खुणा दिसल्या, आंटींच्याच असणार म्हणून वळली. श्रीपतने बाकीच्यांना अडवलं. दिपिका कड्याच्या जरा खाली, एका कपारीवर सापडली, घोटा मोडलेला. जेमतेम हातभर अंतर होतं खालच्या दरीपर्यंत.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेले. माझा हात घट्ट धरून सांगत होती. पुढे एक अंकल होते, ब्लू शर्ट, पाठमोरे. उजव्या हाताने गवत बाजूला करत होते आणि माझ्यासाठी थांबत होते. मी जवळ गेले तेव्हा वळले, पण माझ्याकडे बघितलंच नाही आंटी, माझ्या मागे बघत होते, अजून कोणीतरी यायचं असल्यासारखे. मग नाही अशी मान हलवली. आणि पायाखाली काहीच नव्हतं.

चेहरा कसा होता, विचारलं. ती रडायला लागली. आठवत नाही, म्हणाली.

उजव्या हाताने. पण गवत तर कोणीही, डावखुराही, उजव्या हाताने बाजूला करील.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भूपेश घरी आला होता. चहा घेतला नाही. निळ्या चिंध्या निघेपर्यंत वाट बंद. म्हणाला, आंटी, दुःख समजतं आम्हाला, पण पोरगी मेली असती. त्याला वाटतं, मीच बांधते. माझं कापड, माझा टप्पा. बरोबर आहे त्याचं.

फादरना भेटले. दोन तारखेला कबरीवर प्रार्थना करा, म्हणाले. मृतांना आपली वाट माहीत असते.

२६ ऑक्टोबर, रविवार

श्रीपत आणि मी पिशवी भरून सोडून आणल्या. सगळ्या एका ओढीत सुटल्या, हातात दिल्यासारख्या. पिशवी पलंगाखाली ठेवली.

२७ ऑक्टोबर

पिशवी रिकामी. उशीवर गवताचं बी.

३० ऑक्टोबर

टपरीवाला म्हणाला, चुकीच्या खुणा आता नाक्यावरून दिसतात. रविवारी बोरिवलीचा एक ग्रुप येणार आहे, लहान मुलं असलेला. भूपेशने फोन केले, ते ऐकत नाहीत. रस्ता तर मस्त मार्क केलाय, म्हणतात.

मी खालून सोडल्या तर ते वरून पुन्हा बांधतंय. तो बांधतोय. मग शेवटच्या चिंधीपर्यंत कोणीतरी जायला हवं. जिची वाट बघतोय ती गेली की थांबेल.

सँड्राशी खूप वेळ बोलले. तोंडलीला पाणी घालायला सांगितलं. मम्मी, मी पुण्यात आहे, म्हणाली. हो गं, म्हटलं.

२ नोव्हेंबर, रविवार. डोंगरावर

मृतांचा दिवस. चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सानंतर कबर धुतली, झेंडू वाहिले, मेणबत्ती लावली. मातीवर एक खळगा पडलाय. वाकून बघितलं नाही. तशीच निघाले. श्रीपतला सांगितलं नाही, तो मागून आला असता.

जाते तसतशी एकेक सोडते आहे. मागे एकही ठेवत नाही. मुलांना दिसता कामा नये. मागे गवत मिटलं आहे. परतीची खूण मीच—

असू दे.

*

कड्याच्या वर. खाली ओढ्याशी मुलांचे आवाज. श्रीपत ओरडतोय, इकडं नाय, इकडं नाय, माझं धोतर बघा. त्यांना निळं दिसत नसणार. वळले. आवाज लांब गेले. देवाची कृपा.

*

वर आले. वॉल्टर, सगळं दिसतं रे. मनोरा. समुद्र. तुझा पत्रा, उन्हात. एका नजरेत.

शेवटच्या दगडावर त्याने हात दिला. पांढरी बाही. मी वर बघितलं नाही, लाजले, लग्नाच्या दिवशी लाजले होते तशी. शेजारी बसलाय. बटण दिसतं, दुसरं. लाल दोरा. तोच शर्ट. थंड, मातीचा वास.

बोलत नाही. मीच बोलते. लिहिते.

*

त्याने बाहीची पट्टी फाडून माझ्या डाव्या मनगटाला बांधली. हसले मी. तोंडलीचा वेल समजलास की काय.

पण बांधली उजव्या हाताने.

टोक ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. सुटत नाही.

काचते आहे. वॉल्टर, वेलाला काचता कामा नये, तूच ना रे— वॉल्टर तू कुठे— हा हात तुझा—

मी वर बघणार नाही. मी बघ