भिंतीपलीकडचे तीन ठोके

गुरुवार, ९ मे २०१९, सकाळचे सव्वाअकरा

प्रिय अबेलिनोदादा,

भुयारातल्या टेकूंच्या पाचरी पुन्हा ठोकून आत्ताच बाहेर आलो आणि फणसाच्या झाडाखाली लिहायला बसलो. वही गुडघ्यावर ठेवली आहे, तेव्हा अक्षर वाकडे आले तर समजून घे. शब्द मात्र सगळे तपासून लिहिले आहेत, कारण चूक दिसली की तू पुढचे वाचत नाहीस. दुपारी कांदेलारियावहिनी आमच्या खोदकामाच्या तळावर मक्याचे तामाले विकायला येईल, तिच्या टोपलीत केळीच्या पानांखाली हे ठेवून देईन. तिला वाचता येत नाही, हे या वेळी बरेच. तिचे दिवस भरत आलेत, तिला घाबरवायचे नाही.

आई बरी आहे. तू तळ्यापलीकडे सासरी राहायला गेलास, तरी ती तुझ्या वाटणीच्या तोर्तिया फडक्यात गुंडाळून ठेवते आणि संध्याकाळी मुकाट्याने कोंबड्यांना घालते. तू काय काम करतोस, ते ती विचारत नाही. मीही आजवर विचारले नाही.

आम्हाला जी खोली सापडली, तिच्यातले चित्र तू अजून पाहिलेले नाहीस. एक बाई उभी आहे आणि उंच भांड्यातून खालच्या भांड्यात कोको ओतते आहे. फेस यावा म्हणून हात वर नेलाय, अगदी आई नेते तसा. तिची बाही इतकी निळी आहे, की कालच धुऊन वाळत घातली असावी. तिच्यापुढे एक लेखनिक मांडी घालून बसलाय, हातात कुंचला. त्याच्या शेजारच्या अक्षरांतले शेवटचे नुसते तांबड्या रेघेत आहे, आत रंग भरलेला नाही. का थांबला, कुणास ठाऊक. मग आपल्या जुन्या लोकांनी ही खोली दगडमातीने ठासून भरली आणि तिच्यावर नवे, उंच देऊळ बांधले, तेच आता झाडीखाली डोंगर झाले आहे. इलेआनाबाई, आमच्या खोदकामाच्या प्रमुख, म्हणतात की त्यांनी घर पाडले नाही, माणसाला पुरावे तसे पुरले.

गेल्या रविवारी काम बंद होते. पहाऱ्याला मी आणि मुकादम मातेओकाका. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, म्हणून गळती बघायला आत गेलो. चित्राच्या भिंतीपलीकडून तीन ठोके आले. मग शांतता. मग खरवडल्यासारखा आवाज. काकांनी टोपी काढली आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "डोंगराचा मालक दार वाजवतोय. न विचारता घुसलो ना त्याच्या घरात." त्यांचेही खरेच होते. यंदा परवाना उशिरा आला, बाई घाईत होत्या आणि खोदण्याआधीची पूजा राहून गेली होती.

सोमवारी माझ्याशिवाय एकही माणूस आत जाईना. शेवटी बाईंनी कोंबड्याचे आणि कोपालच्या धुपाचे पैसे दिले. पूजेआधी बायकोपासून लांब निजायचे असते, ते काकांनी सगळ्यांना बजावले. आमच्यातल्या इकालने विचारले, किती दिवस? काका म्हणाले, "तू महिनाभर लांब नीज. तुझी बायको मालकाला जास्तीची मेणबत्ती लावेल." सगळे हसले, मीही हसलो. आज पहाटे पूजा झाली. काकांनी भिंतीच्या पायथ्याशी कोको ओतला, रडून माफी मागितली. आता सगळ्यांचे चेहरे उतार पडल्यासारखे हलके झालेत. माझा मात्र नाही.

कारण डोंगर असा ठोके देत नाही, दादा. कोयत्याच्या मुठीने तीनदा वाजवायचे, कान लावून थांबायचे आणि मगच पहिला घाव घालायचा, हे बाबांनी आपल्याला मक्याच्या शेतात शिकवले. डोंगराच्या पोटात हात घालण्याआधी दार वाजवावे, म्हणायचे. जुन्या वस्तूंच्या त्या खरेदीदारासाठी चोरून खणणारे बाकीचे लोक दार वाजवत नाहीत. एकटा तूच वाजवतोस.

आता नीट वाच. आपल्या लोकांच्या छपरांना कमान नसते. एक दगड दुसऱ्याच्या थोडा पुढे, असे सरकवत नेलेले ते छप्पर नुसत्या वजनावर तोललेले असते. ते तोलून धरले होते पुढून-मागून ठासलेल्या भरावाने. पुढचा भराव मी काढला, मागचा तू. मधे उरली आहे ती चित्रातल्या बाईची भिंत, वीतभर जाडीची. सोमवारी मी वरच्या भेगेवर चुन्याचे तीन पट्टे ओढले, भिंत हलली तर ते तुटावेत म्हणून. आज सकाळी त्यातले दोन तुटले होते. भराव ओला आहे. माझ्या बाजूला निदान टेकू आहेत, तुझ्या बाजूला काय आहे, ते तुलाच ठाऊक. चित्र कापून न्यायला तू करवत लावलीस, की ती बाई सुटी होऊन तुझ्या हातात येणार नाही. वरचे देऊळ येईल.

बाईंना सांगितले, तर रविवारी तुझ्या बिळाच्या तोंडाशी शिपाई उभे राहतील. नाही सांगितले, तर डोंगर. दोन्हींच्या भीतीने मला तीन दिवस झोप नाही. नुसते "येऊ नकोस" लिहिले असते, तर तू हसला असतास. कोंबडीला घाबरणारा क्रिसांतो, म्हणाला असतास. बाळंतपणासाठी तू त्या खरेदीदाराकडून उचल घेतली आहेस, हेही मला कळले आहे. तू येणारच, आणि आमचे काम बंद असते म्हणून रविवारीच.

म्हणून लिहितो. रविवारी सकाळपासून मी त्या भिंतीला पाठ लावून बसणार आहे. काकांना सांगेन, नवस फेडतोय. तू तीन ठोके देशील आणि थांबशील. या वेळी पलीकडून तीन ठोके परत येतील. मालकाने परवानगी दिली, असे समजू नकोस. तो मी असेन. हत्यार तिथेच टाक आणि कशालाही न धरता, पाठीमागे सरकत बाहेर जा. आणि तरीही घाव घातलास, तर भिंतीपलीकडे कोण बसले आहे, ते तुला माहीत असू दे.

तुझाच, घाबरट
क्रिसांतो

खर्च: मेणबत्त्या, माझ्या वाट्याच्या, २० क्वेत्झाल. चुना, ५.
देणे: माझ्या सहावीच्या पुस्तकांचे तू भरलेले, ३००. हे वहिनीच्या हाती पाठवणार नाही. बाळाला घेऊन घरी ये, आईसमोर मोजून देईन.