दहावी सही

सोमवार, ३
भाचीसाठी नगरपालिकेचा उमेदवारी अर्ज आणला. प्रभागातला दवाखाना बंद होणार आणि त्याच्यासमोर औषधांचे दुकान चालवणारी ही मुलगी नुसती चडफडणार — मला अमान्य! "मावशी, मला कोण विचारतंय?" म्हणे. उभे राहण्याचा अधिकार आमंत्रणावर अवलंबून नसतो. दहा सूचकांच्या सह्या हव्यात. संध्याकाळपर्यंत नऊ मिळवल्या.

मंगळवार, ४
शेजारचे कंत्राटदार, विद्यमान नगरसेवक, स्वतःचा अर्ज घेऊन आले. "बाई, तुमची सही म्हणजे वजन!" मत भाचीलाच देणार, हे मी स्पष्ट सांगितले. "द्या की! सही म्हणजे मत थोडंच?" मुद्दा बिनतोड. सूचक उमेदवाराची भलामण करत नाही. त्याला रिंगणात येऊ देतो, इतकेच. मग एकालाच का येऊ द्यावे? सही केली.

बुधवार, ५
भाचीच्या अर्जावर दहावी सही माझी. उरलेली नऊ नावे मतदारयादीशी ताडून पाहिली — अनुक्रमांक, पत्ते, वेलांट्यांसकट. भाचीने अर्ज उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. दडपण असावे.

गुरुवार, ६
अर्ज दाखल. मुदतीला तासभर असताना!

शुक्रवार, ७
छाननीत भाचीचा अर्ज बाद.

"दहाव्या सूचकाची सही आधीच्या अर्जावर आहे. एका सूचकाला एकच अर्ज," अधिकारी म्हणाले. हा नियम तर्काला धरून नाही, असे मी सांगू लागले. "आजी, तर्काचं मला कळत नाही. अर्जाच्या मागे छापलाय." खरोखरच छापला होता! तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली. नियम वाचण्याऐवजी मी तो मनातच सिद्ध करून मोकळी झाले.

तिसरा उमेदवार नाही. कंत्राटदार बिनविरोध. भाची रागावली नाही. का?

शनिवार, ८
कंत्राटदारांना नियम ठाऊक होता का? थेट विचारले. "छे हो बाई! कायद्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" हा होकार की नकार, अजून ठरत नाही. दोष त्यांचा, माझा, की नियमाचा? तिन्ही बाजू मांडून पाहिल्या. एकही टिकत नाही.

रविवार, ९
भाचीची माफी मागितली. ती म्हणाली, "अर्जामागचं मी सोमवारीच वाचलं होतं, मावशी. तू त्यांना सही दिलीस, हेही त्यांनी मंगळवारी दुकानात येऊन मिरवलं. मला उभं राहायचंच नव्हतं गं. तुला नाही म्हणायला मुद्दा सापडत नव्हता."